'इंटरनॅशनल' पाटीमागची शाळा : सुरक्षितता आणि शिक्षण यांचे नाते

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा जिल्ह्यात शिरला की दोन्ही बाजूंना धानाची शेते, तलाव आणि मधूनमधून शाळांच्या मोठमोठ्या पाट्या दिसू लागतात. भंडारा, लाखनी, साकोली या गावांच्या आसपास इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. त्यांपैकी अनेकींच्या नावात 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल' किंवा 'पब्लिक' हे शब्द असतात. शेतकरी, शिक्षक, छोटे व्यापारी, आयुध निर्माणीतील कामगार अशा सर्व थरांतील पालक पोटाला चिमटा घेऊन या शाळांचे शुल्क भरतात. त्या मोबदल्यात त्यांच्या दोनच अपेक्षा असतात. मूल शिकावे आणि संध्याकाळी सुखरूप घरी यावे. या दोन अपेक्षा वेगवेगळ्या आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

नावात काय आहे?

'इंटरनॅशनल' या शब्दामुळे शाळेचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय ठरत नाही. जिनिव्हा येथे १९६८ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था किंवा केंब्रिज विद्यापीठाशी निगडित परीक्षा मंडळ यांची मान्यता असलेल्या शाळांना त्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणता येते. अशा शाळा प्रामुख्याने महानगरांत आहेत. लहान जिल्ह्यांत हा शब्द नावात धारण करणाऱ्या बहुसंख्य शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ म्हणजे सीबीएसई, अथवा राज्य मंडळाशी संलग्न असतात. त्यात गैर काही नाही. मात्र पाटीवरील शब्द हा दर्जाचा किंवा सुरक्षिततेचा दाखला नव्हे, हे पालकांनी लक्षात ठेवले पाहिजे.

खरा दाखला इतरत्र मिळतो. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी 'यू-डायस' क्रमांक असतो. भंडारा जिल्ह्यातील शाळांचा हा क्रमांक २७१० या अंकांनी सुरू होतो. सीबीएसईशी संलग्न शाळांना इमारत सुरक्षा प्रमाणपत्र, अग्निसुरक्षा प्रमाणपत्र, पाणी व स्वच्छताविषयक प्रमाणपत्र, शिक्षकांची संख्या इत्यादी माहिती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. प्रवेशाच्या वेळी गणवेश आणि पुस्तकांची चौकशी करणारे पालक ही माहिती क्वचितच उघडून पाहतात. ती पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्षण ही केवळ खासगी शाळांची मक्तेदारी नाही, असा प्रयोगही याच जिल्ह्याने पाहिला आहे. राज्य शासनाने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन करून २०१८ च्या सुमारास पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या १३ शाळा निवडल्या. लाखनी तालुक्यातील खराशी येथील जिल्हा परिषद शाळेचे नाव या उपक्रमाशी जोडले गेले. २०१९ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि त्यानंतर हे मंडळ गुंडाळण्यात आले. मंडळ गेले, पण खराशीसारख्या गावाने दिलेला धडा राहिला. शाळेचा दर्जा इमारतीच्या काचांवर ठरत नाही. शिक्षक, गावकरी आणि मुले यांच्यातील विश्वासावर तो ठरतो.

भीती आणि अभ्यास

छडीवाचून विद्या येत नाही, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आधुनिक मानसशास्त्र नेमके उलट सांगते. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मानवी गरजांची जी उतरंड मांडली, तीत अन्न-पाण्यानंतरचे स्थान सुरक्षिततेला आहे. ज्ञानाची आणि आत्मविकासाची ओढ त्यानंतर येते. माणूस भयभीत असतो तेव्हा शरीरात ताणाशी संबंधित संप्रेरके वाढतात. मेंदू धोका टाळण्याच्या कामाला लागतो. नवी माहिती क्षणभर मनात धरून तिची जुन्या माहितीशी सांगड घालण्याची क्षमता अशा वेळी क्षीण होते. गणितातील हातचा विसरणे, पाठ असलेली कविता ऐनवेळी न आठवणे यांमागे पुष्कळदा आळस नसून भीती असते.

म्हणूनच बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. मारणे बंद झाले तरी टोचून बोलणे, वर्गासमोर अपमान करणे, शुल्क थकले म्हणून मुलाला वेगळे बसवणे हे प्रकार सर्वत्र बंद झालेले नाहीत. कायद्याच्या भाषेत तोही मानसिक छळच ठरू शकतो.

ही गोष्ट नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे-पालघर परिसरातील बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याचा पायाच मुलाला निर्भय करणे हा होता. आदिवासी पाड्यावरच्या अंगणात भरलेली बालवाडी या अर्थाने आजच्या अनेक वातानुकूलित वर्गांपेक्षा अधिक सुरक्षित होती.

भाषेची भीती

भंडारा जिल्ह्यात या भीतीला आणखी एक पैलू आहे. येथील खेड्यांतील मूल घरी झाडीबोली बोलते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे वैभव आयुष्यभर कष्ट घेऊन मांडले. मात्र त्या घरातले मूल वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा त्याच्या ओठांवर असलेली भाषा तेथे चालत नाही आणि जी चालते ती त्याला येत नाही. काही शाळांत मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड किंवा टोमणे असतात. अशा मुलाला पाणी हवे, लघवीला जायचे, पोट दुखते एवढेही सांगणे जड जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न येथेच शिक्षणाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. ज्या मुलाला साधी गरज सांगता येत नाही, त्याला आपल्यावर झालेला अन्याय कसा सांगता येईल? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. शाळेचे माध्यम इंग्रजी असले तरी पूर्वप्राथमिक वर्गात मुलाची बोली समजणारी एक तरी शिक्षिका किंवा सेविका असणे ही चैन नव्हे. ती सुरक्षिततेची मूलभूत अट आहे.

दोन घटना, दोन धडे

८ सप्टेंबर २०१७ रोजी हरियाणातील गुरुग्राम येथील रायन इंटरनॅशनल स्कूलमध्ये दुसरीत शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचा शाळेच्या स्वच्छतागृहात खून झाला. पोलिसांनी प्रथम बसवाहकाला अटक केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि त्या यंत्रणेने त्याच शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी हा त्यामागील हेतू होता, असा आरोप तपास यंत्रणेने ठेवला. बसवाहकाची नंतर न्यायालयाने मुक्तता केली. या घटनेनंतर चार दिवसांतच सीबीएसईने सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसिक चाचणी करण्याचे आदेश काढले. धोका नेहमी फाटकाबाहेरूनच येतो असे नाही. परीक्षेचा ताण, दडपलेला राग, कोणीही न ऐकलेली घुसमट यांतूनही तो उद्भवू शकतो, हे या आरोपाने समाजापुढे आणले.

दुसरी घटना महाराष्ट्रातील. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. गुन्हा नोंदवण्यास विलंब झाल्याच्या संतापातून २० ऑगस्ट रोजी नागरिकांनी बदलापूर रेल्वे स्थानकात तासन्‌तास लोहमार्ग रोखून धरला. शाळेतील कॅमेऱ्यांचे काही दिवसांचे चित्रीकरण उपलब्ध नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखालील समितीने राज्यातील शाळांसाठी शिफारसी केल्या. कॅमेरा भिंतीवर असणे आणि कोणीतरी पाहत असणे यांत किती अंतर असते, हा बदलापूरचा धडा होय.

कायदा काय सांगतो?

बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शाळांसाठी निर्णय काढला. सर्व शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी चित्रीकरण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासावे, नेमणुकीपूर्वी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे, या त्यातील प्रमुख सूचना होत्या. 'सखी सावित्री' समिती स्थापन करण्याचा निर्णय तर मार्च २०२२ मध्येच झाला होता. म्हणजे नियमांची उणीव नव्हती. उणीव होती ती अंमलबजावणीची.

याहून महत्त्वाचा कायदा म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच 'पॉक्सो'. तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, लागू झाला. या कायद्यातील एक तरतूद शिक्षक व संस्थाचालकांना ठाऊक असलीच पाहिजे. एकोणिसाव्या कलमानुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील कर्मचाऱ्याचा अपराध कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. शाळेची बदनामी नको म्हणून प्रकरण आपसात मिटवणे हा चांगुलपणा नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

पीडित बालकाच्या सोयीचाही या कायद्याने विचार केला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी नोंदवावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा, असे त्यात नमूद आहे. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. संकटातील बालकासाठी १०९८ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा दिवसरात्र उपलब्ध असून ११२ हा आपत्कालीन क्रमांकही आहे. हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर पाढ्यांच्या तक्त्याशेजारी लावण्यास काहीच खर्च येत नाही.

आग, पाणी आणि रस्ता

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेतून उद्भवलेल्या याचिकेवर २००९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. आग विझवण्याची साधने असावीत आणि ती चालवण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना असावे, हे त्यातील निर्देश होते.

भंडारावासीयांना आगीचे भय वेगळे सांगावे लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा अर्भकांचा मृत्यू झाला. ती घटना शाळेतली नव्हती, तरी तिने सांगितलेली गोष्ट प्रत्येक सार्वजनिक इमारतीला लागू पडते. भिंतीवर टांगलेले अग्निशामक नळकांडे आणि कागदावरची तपासणी यांनी जीव वाचत नाहीत. धूर दिसताच कोणी काय करायचे याचा सराव असेल तर ते वाचतात. शाळेत असा सराव वर्षातून किमान दोनदा व्हावा आणि त्यात शिशुवर्गातील मुलेही असावीत.

पाण्याचा धोका या जिल्ह्याच्या भूगोलातच आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि वैनगंगा त्याच्या मधून वाहते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. पावसाळ्यात नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असताना शाळेची गाडी पुढे न्यायची की परतवायची, हा निर्णय चालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्याचा लेखी नियम हवा. विजा कडाडत असताना मुलांना झाडाखाली किंवा उघड्या मैदानात थांबू न देणे, धानाच्या बांधालगतच्या शाळांत सर्पदंशाच्या वेळी मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, कोका अभयारण्य आणि नागझिऱ्याच्या परिसरात मुलांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवणे, या येथल्या शाळांच्या खास जबाबदाऱ्या आहेत. उन्हाळ्याच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तरीही मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छताखालचा वर्ग तापतो. तापलेल्या डोक्यात भूमिती शिरत नाही, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही.

रस्त्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. महामार्गालगतच्या शाळांसमोर दिवसभर अवजड वाहनांची वर्दळ असते. महाराष्ट्रातील शालेय वाहतुकीसाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असली पाहिजे. पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा आणि मुलांसोबत परिचर यांची तरतूद आवश्यक आहे. प्रत्यक्षात शहरापासून दूर राहणारी मुले ऑटोरिक्षा आणि जुन्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने येताना दिसतात. कमी भाड्याच्या मोहापायी पालकही याकडे काणाडोळा करतात. सकाळी पाऊण तास कोंबून आलेले मूल पहिल्या तासाला पेंगते, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसतो.

कॅमेऱ्यापलीकडची सुरक्षितता

बदलापूरनंतर कॅमेऱ्यांना मोठे महत्त्व आले. प्रवेशद्वार, व्हरांडे, जिने, स्वच्छतागृहांकडे जाणारे मार्ग, बस या ठिकाणी ते हवेतच. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली शाळेला तुरुंगाचे रूप येणेही घातक आहे. प्रत्येक हालचालीवर नजर आहे या जाणिवेने मुले प्रश्न विचारण्यास कचरतात आणि शिक्षक प्रयोग करण्यास. पालकांना भ्रमणध्वनीवर वर्गाचे थेट दृश्य दाखवण्याची सोय काही शाळा भूषण म्हणून मिरवतात. त्यातून इतर मुलांच्या खासगीपणाचे काय होते, याचा विचार सहसा होत नाही.

कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. घडण्यापूर्वी थांबवते ते मुलाचे बोलणे आणि मोठ्यांचे ऐकणे. त्यासाठी चांगल्या स्पर्शाची आणि वाईट स्पर्शाची ओळख, 'नको' म्हणण्याचा अधिकार आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे जाऊन सांगण्याची सवय या गोष्टी पहिलीपासून शिकवल्या पाहिजेत. त्या शिकवण्याची जागा वर्ग हीच आहे. ज्या वर्गात चुकीच्या उत्तराला हशा मिळत नाही, ज्या वर्गात 'मला समजले नाही' असे म्हणण्यास धैर्य लागत नाही, त्या वर्गातील मूल 'मला त्यांची भीती वाटते' हेही सांगू शकते. उलट प्रश्न विचारल्याबद्दल जेथे मुलाला गप्प बसवले जाते, तेथे ते मोठ्या संकटातही गप्पच राहते. चांगले अध्यापन आणि चांगले संरक्षण यांचे मूळ असे एकच आहे.

यासाठी वर्गातील मुलांची संख्या आटोक्यात हवी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एका शिक्षकामागे ३० आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थी असे प्रमाण ठरवले आहे. साठ मुलांच्या वर्गात कोणते मूल दोन दिवसांपासून अबोल झाले आहे, हे शिक्षिकेच्या लक्षात येणे कठीण. शिक्षकांचे वेतन आणि स्थैर्य हाही मुद्दा आहे. तुटपुंज्या पगारावर दर वर्षी शिक्षक बदलत असतील, तर मुलाने विश्वास कोणावर ठेवायचा?

पालकांनी काय करावे?

महाराष्ट्रातील शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे बंधनकारक केले आहे. शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ही व्यासपीठे स्नेहसंमेलनाच्या नियोजनापुरती उरली, तर तो दोष एकट्या शाळेचा नाही.

या सभांत काही साधे प्रश्न विचारता येतात. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे? शेवटचा आपत्ती सराव कधी झाला? बसचालक, परिचर, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांची पोलीस पडताळणी झाली आहे काय, आणि कंत्राटदारामार्फत आलेल्यांचीही झाली आहे काय? मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ महिला कर्मचारी असते काय? तक्रारपेटी कोण उघडतो आणि कोणाच्या उपस्थितीत? परिवहन समितीची मागील बैठक केव्हा झाली? मुलाला न्यायला अनोळखी व्यक्ती आल्यास शाळा काय करते? या प्रश्नांची उत्तरे नीट देणारी शाळा लहान असली, कौलारू असली तरी चालेल. प्रश्न विचारणाऱ्या पालकालाच अडचणीचा ठरवणारी शाळा मात्र कितीही चकचकीत असली तरी तिच्यापासून सावध राहावे.

घरीही एक सवय लावता येते. संध्याकाळी आलेल्या मुलाला 'किती गुण मिळाले' याआधी 'आज दिवस कसा गेला' असे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. मूल अचानक शाळेत जाण्यास नकार देऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, विशिष्ट व्यक्तीचे नाव काढताच दचकू लागले किंवा अभ्यासात एकाएकी मागे पडले, तर त्याला रागावण्यापूर्वी कारण शोधावे. प्रगतिपुस्तकातील घसरलेले गुण हा काही वेळा मुलाने दिलेला एकमेव निरोप असतो.

आंतरराष्ट्रीय दर्जा म्हणजे परदेशी नाव, गळ्यातील टाय किंवा इंग्रजीतील प्रार्थना नव्हे. जगातील कोणत्याही चांगल्या शाळेची खूण एकच असते. तेथील सर्वांत लहान आणि सर्वांत अबोल मुलालाही आपले म्हणणे कोणीतरी ऐकेल याची खात्री असते. ती खात्री भंडारा जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने, मग ती महामार्गावरची असो की धानाच्या बांधावरची, आपल्या मुलांना दिली पाहिजे. नावाची पाटी त्यानंतर हवी ती लावावी.